निर्यातीचा उद्घोष आणि समईची घडणावळ

निर्यात वाढली की परकीय चलन येते, परकीय चलन आले की यंत्रसामग्री येते, आणि यंत्रसामग्री आली की देशाचे दारिद्र्य आपोआप हटते, हा उपदेश विकसनशील देशांना गेली अनेक दशके ऐकवला जात आहे. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचे अहवाल, दरवर्षीची अर्थसंकल्पी भाषणे आणि व्यापारी मंडळांची अधिवेशने या सर्वांत हेच सूत्र आळवले जाते. एक प्रश्न मात्र या सूत्रात कधीही विचारला जात नाही. निर्यात झालेल्या वस्तूच्या किमतीतील कोणता वाटा ती घडवणाऱ्याच्या हाती पडतो, आणि तो वाटा ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो? बंदरांवरील मालाच्या आकडेवारीत या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. त्यासाठी वस्तू जेथे घडते तेथपर्यंत मागे जावे लागते. तामिळनाडूतील एका लहानशा गावाच्या उदाहरणावरून ते अधिक स्पष्ट होईल.

कावेरीकाठचे ओतकाम

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ नाचियारकोविल हे गाव आहे. श्रीनिवास पेरुमाळाचे देऊळ आणि तेथील दगडी गरुड यांसाठी वैष्णव यात्रेकरूंना ते परिचित आहे. परंतु गावाचे नाव दूरवर नेले ते तेथील पितळी दीपस्तंभांनी. तमिळमध्ये याला ‘कुत्तुविळक्कु’ म्हणतात. मराठी माणसाने पाहताच त्याला समई म्हणावे, अशीच ती वस्तू आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत या प्रदेशावर भोसले घराण्याचे राज्य होते. मराठी भाषा त्या काळात येथे रुजली आणि आजही काही घरांत ती बोलली जाते. तेव्हा हा मुलूख मराठी वाचकाला सर्वस्वी परका नाही.

येथील समई चार भागांत घडते. बैठक, मधला दांडा, तेलाचे तबक आणि माथ्यावरचे शिखर. या शिखरावर बहुधा हंस असतो. हे काम पिढ्यान् पिढ्या करणारे कारागीर कम्माळर समाजाचे. परिसरातील कावेरीच्या गाळाची बारीक वाळू साच्यासाठी अतिशय उपयुक्त ठरते. ती ओलसर दाबली असता आकार धरून ठेवते आणि वितळलेल्या धातूची उष्णता सोसते. दोन पेट्यांत वाळू ठासून नमुन्याचा ठसा घ्यायचा, मुशीत वितळवलेले पितळ त्यात ओतायचे, थंड झालेला भाग लेथवर कातायचा, त्यावर नक्षी काढायची, झिलई द्यायची आणि आटे पाडून चारही भाग एकमेकांत बसवायचे, असा हा क्रम आहे. वाळू नदीची आहे आणि कौशल्य गावाचे आहे. पितळ तेवढे बाहेरून येते.

आणि नेमक्या याच एका बाबीवर साऱ्या व्यवहाराचा तोल अवलंबून आहे.

भाव कोठे ठरतो

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. ओतकामासाठी नवे पितळ घ्या किंवा जुन्या भांड्यांची मोड घ्या, त्याचा भाव अखेर तांब्याच्या आणि जस्ताच्या भावाबरोबरच वरखाली होतो. हे भाव १८७७ साली स्थापन झालेल्या लंडनच्या धातू बाजारात ठरतात. या बाजाराची मालकी २०१२ मध्ये हाँगकाँगच्या शेअर बाजार कंपनीने विकत घेतली. तेथे होणाऱ्या बहुतेक सौद्यांत धातूचा एक तुकडाही हलत नाही, केवळ पुढील महिन्यांच्या भावावर पैज लागलेली असते. तांब्याचा भाव जुलै २००८ मध्ये टनाला ९,००० डॉलरच्या जवळपास होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो ३,००० डॉलरच्या खाली गेला. मार्च २०२० मध्ये तो ५,००० डॉलरच्या खाली होता आणि मे २०२१ मध्ये १०,००० डॉलरच्या वर चढला. या चढउतारांशी ओतारी कामगाराच्या श्रमाचा कसलाही संबंध नाही. परंतु त्यांचा भार मात्र त्याच्यावरच येऊन पडतो. तो कसा, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडता येईल.

पितळी समई वजनावर विकली जाते. समजा, किलोमागे धातूचे ६०० रुपये आणि घडणावळीचे १५० रुपये, अशी एकूण किंमत ७५० रुपये आहे. धातू १० टक्क्यांनी महागला, म्हणजे ६६० रुपये झाला. खरेदीदार म्हणतो, एवढी वाढ माझ्या गिऱ्हाइकाला परवडणार नाही, ७८० च्या वर एक पैसा मिळणार नाही. धातूवाल्याला तर ६६० रुपये मोजावेच लागतात. तेव्हा घडणावळीला उरतात १२० रुपये. धातूच्या भावातील १० टक्के वाढीने घडणावळीतील २० टक्के कापले गेले. पुढे धातू पुन्हा ६०० वर उतरला, की तोच खरेदीदार म्हणतो, आता धातू स्वस्त झाला आहे, ७२० घ्या. घडणावळ १२० वरच राहते. भाव चढला तरी तोटा कारागिराचा आणि उतरला तरी लाभ दुसऱ्याचा.

यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. धातूचा भाव बाजाराने बांधलेला असतो, व्याजाचा दर सावकाराने किंवा बँकेने बांधलेला असतो आणि जहाजाचे भाडे जहाज कंपनीने बांधलेले असते. किमतीच्या साखळीत दाबता येण्याजोगी एकच कडी उरते, ती म्हणजे श्रमाचा मोबदला. धातू विकत घेण्याइतके भांडवल ज्याच्यापाशी नाही, त्याला व्यापाऱ्याकडून धातू आणि उचल या दोन्ही गोष्टी घ्याव्या लागतात. मग तो नावाने कारागीर राहतो आणि व्यवहारात स्वतःच्या घरात बसलेला मजूर होतो. अशा मजुराला कारखान्यातील कामगाराचे संरक्षणही मिळत नाही. पितळ वितळते त्याच तापमानाच्या आसपास जस्ताची वाफ होऊ लागते. तिचा पांढरा धूर श्वासात गेला की ओतारी कामगाराला ताप भरतो. ज्या लहान भट्टीत हे घडते, ती बहुतेक वेळा कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर असते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेने तर ‘कारखाना’ ठरण्यासाठी लागणारी कामगारसंख्या, वीज वापरणाऱ्या उद्योगात, दहावरून वीसवर नेली आहे.

तांब्याच्या दुसऱ्या टोकाला

नाचियारकोविलचा ओतारी तांब्याच्या प्रवासाच्या अखेरच्या टोकाला उभा आहे. पहिल्या टोकाला चिली, पेरू, झांबिया, काँगो या देशांतील खाण कामगार आहेत. या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही, परंतु दोघांचे दैव एकाच फलकावरील आकड्याशी बांधलेले आहे.

तांबे उत्पादक देशांनी हा फलक स्वतःच्या हाती घेण्याचा प्रयत्न केला होता. १९६७ मध्ये चिली, पेरू, झांबिया आणि झाईर या चार देशांनी तांबे निर्यातदारांची आंतरसरकारी परिषद स्थापन केली. ११ जुलै १९७१ रोजी साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारने तांब्याच्या मोठ्या खाणींचे राष्ट्रीयीकरण केले, आणि चिलीच्या संसदेत त्याला सर्व पक्षांनी पाठिंबा दिला. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्करी उठावात ते सरकार उलथवले गेले. आयेंदे यांच्या बहुतेक सुधारणा रद्द करणाऱ्या पिनोशेच्या राजवटीनेही त्या मोठ्या खाणी परकीय कंपन्यांना परत केल्या नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. खाणींचे उत्पन्न हाती असल्याचे मोल हुकूमशहालाही कळत होते.

परंतु खाणींची मालकी आणि भावावरील ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७४ च्या उत्तरार्धात तांब्याचा भाव कोसळला. परिषदेने निर्यातकपात जाहीर केली, तरी तो सावरला नाही. परिषदेबाहेरील उत्पादक, श्रीमंत देशांतील मोड आणि गोदामांतील साठे यांच्यापुढे चार गरजू देशांचे ऐक्य अपुरे पडले. निर्यातीच्या उत्पन्नातील नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा तांब्याचा असलेल्या झांबियाला त्यानंतर कर्जाच्या दाराशी जावे लागले, आणि कर्जाबरोबर नाणेनिधीच्या अटी आल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती परिषद संपुष्टात आली.

राऊल प्रेबिश आणि हान्स सिंगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९५० मध्येच दाखवून दिले होते की कच्च्या मालाचे भाव तयार मालाच्या तुलनेत दीर्घकाळात घसरत जातात. त्यावरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की विकसनशील देशांनी कच्चा माल सोडून तयार माल निर्यात केला की प्रश्न सुटेल. समईचे उदाहरण या निष्कर्षाची मर्यादा दाखवते. समई हा तयार माल आहे, तिच्यात शतकांचे कौशल्य आहे, तरीही तिच्या घडवणाऱ्याची स्थिती खाण कामगाराहून फारशी वेगळी नाही. निर्णायक गोष्ट माल कच्चा की पक्का ही नाही. सौदा करताना कोणाला थांबता येते आणि कोणाला थांबता येत नाही, ही आहे.

जकातीची चढती भाजणी

पक्का माल विकू पाहणाऱ्या गरीब देशाच्या वाटेत आणखी एक भिंत आहे. श्रीमंत देशांची जकात मालावरील प्रक्रियेबरोबर चढत जाते. खनिजाला दार उघडे, धातूला थोडी जकात आणि वस्तूला अधिक. ही तक्रार घेऊनच विकसनशील देश १९६४ मध्ये जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेत एकत्र आले. तिचे पहिले महासचिव प्रेबिश होते. १९६८ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेत, विकसनशील देशांच्या मालाला परतफेडीची अट न घालता जकातीत सवलत देण्याचे तत्त्व मान्य झाले. अमेरिकेने ही सवलत १९७६ मध्ये सुरू केली, परंतु ती हक्क म्हणून न देता कृपा म्हणून दिली. कृपा परत घेता येते. ५ जून २०१९ रोजी भारताला या सवलतीतून वगळण्यात आले.

२०२५ साली या भाजणीचे स्वरूप अगदी उघडे पडले. त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून अमेरिकेने तांब्याच्या नळ्या, तारा, सळया, पत्रे अशा अर्धपक्क्या मालावर ५० टक्के जकात बसवली. खनिज, शुद्ध तांब्याचे पत्रे आणि मोड यांना मात्र तीतून सूट दिली. तुमचे तांबे आम्हाला द्या, त्याचे काय करायचे ते आम्ही पाहू, असा याचा सरळ अर्थ होतो. त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून भारतीय मालावरील सर्वसाधारण जकातही ५० टक्क्यांवर नेण्यात आली. पितळी वस्तूंच्या निर्यातीचे मोठे केंद्र असलेल्या मुरादाबादमध्ये मागण्या रद्द होऊ लागल्या. वॉशिंग्टनमधील एका आदेशाने मुरादाबादच्या भट्ट्या थंडावतात, तेव्हा ‘निर्यातीवर आधारलेला विकास’ या शब्दांतील आधार कोणता, हे विचारावेच लागते. नाचियारकोविलच्या समईचे मोठे गिऱ्हाईक देशातील लग्नघरे, देवळे आणि परदेशांतील तमिळ कुटुंबे हे आहे. म्हणून जकातीचा तसा आघात तिच्यावर त्या मानाने कमी. एकाच दूरच्या खरेदीदारावर विसंबणाऱ्यांनी यातून घेण्यासारखा धडा आहे.

मानांकनाचा कागद

यावर सरकारी उत्तर असे की नाचियारकोविलच्या समईला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा कारागिराचे हित सुरक्षित आहे. मानांकन ही चांगली गोष्ट आहे. दुसऱ्या गावच्या हलक्या मालाला हे नाव लावण्यास त्यामुळे कायद्याने मनाई होते. पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे.

भारताचा १९९९ चा मानांकन कायदा जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारातून आला. त्या करारातील बाविसावे कलम सर्व मालाला साधे संरक्षण देते. तेविसावे कलम मात्र अधिक कडक संरक्षण देते, आणि ते केवळ द्राक्षासव व मद्यार्कपेये यांनाच. म्हणजे युरोपच्या मद्याला जे कवच आहे ते समईला, कोल्हापुरी चपलेला किंवा पैठणीला नाही. हे कवच इतर मालालाही मिळावे, अशी मागणी भारतासह अनेक देशांनी केली. २००१ मध्ये सुरू झालेल्या दोहा फेरीत ती चर्चेला आली आणि तेथेच अडकली. जून २०२५ मध्ये एका इटालियन कंपनीच्या मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या, तेव्हा २०१९ चे मानांकन हाती असूनही महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मकारांना प्रथम वृत्तपत्रांतील आरडाओरड्याचाच आधार घ्यावा लागला. कंपनीने भारतीय प्रेरणा नंतर मान्य केली. प्रेरणेला दाम मात्र कायद्याने ठरत नाही.

आणि मुख्य मुद्दा असा की मानांकन वस्तूच्या नावाचे रक्षण करते, घडणावळीचे करत नाही. नावाला चढलेला भाव व्यापाऱ्याच्या खात्यात जमा होऊ शकतो आणि ओताऱ्याचा १२० रुपयांचा आकडा तसाच राहू शकतो.

रत्नागिरी ते तुत्तुकुडी

धातूवरील ताबा आपल्या देशात कसा सुटत गेला, याची एक कडी महाराष्ट्रातून जाते. स्टरलाइट कंपनीचा तांबे शुद्धीकरणाचा कारखाना प्रथम रत्नागिरीत उभा राहणार होता. आंबा बागायतदार, मच्छीमार व नागरिक यांच्या विरोधामुळे १९९३ मध्ये त्याचे काम थांबले. पुढे तो तामिळनाडूत तुत्तुकुडीला गेला. तेथील जनतेने प्रदूषणाविरुद्ध दीर्घ लढा दिला. मे २०१८ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात १३ जण मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर राज्य सरकारने कारखाना बंद केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली. वर्षाला चार लाख टन क्षमतेचा हा कारखाना बंद पडताच, शुद्ध तांब्याचा निर्यातदार असलेला भारत २०१८-१९ पासून निव्वळ आयातदार झाला.

याचा दोष आंदोलकांवर ढकलण्याची प्रथा पडली आहे, ती चुकीची आहे. आपल्या मुलांच्या फुप्फुसांच्या बदल्यात तांबे द्यावे, असे कोणत्याही गावाला सांगता येत नाही. दोष आहे तो देशाच्या तांब्याचा एवढा मोठा भाग एका खाजगी कारखान्याच्या आधारावर सोडणाऱ्या धोरणाचा. १९६७ मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान कॉपर विस्ताराविना मागे पडली. सार्वजनिक मालकीच्या हिंदुस्थान झिंकचा २६ टक्के हिस्सा आणि व्यवस्थापन २००२ मध्ये त्याच स्टरलाइट गटाला विकण्यात आले. पितळेतील तांबे आणि जस्त हे दोन्ही धातू अशा रीतीने लोकनियंत्रणातून बाहेर गेले, आणि लंडनच्या भावाला देशात रोखणारा बांध उरला नाही.

व्यापार नको, असे नव्हे

या सर्वांवरून परदेशी व्यापारच टाळावा, असा अर्थ कोणी काढू नये. याच चोळमंडल किनाऱ्यावर डॅनिश लोक १६२० मध्ये तरंगंबाडीस आले आणि डचांनी १६५८ मध्ये नागपट्टणम घेतले. त्या काळी डच जहाजे जपानचे तांबे या किनाऱ्यावर उतरवत आणि येथील कापड घेऊन जात. म्हणजे समुद्रापलीकडील तांबे ही येथील नवी गोष्ट नव्हे. फरक इतकाच की तेव्हा कापडासाठी परदेशी व्यापाऱ्याला धातू मोजावा लागत असे. राज्यसत्ता कंपनीच्या हाती गेली, १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभारही गेला, आणि मग त्याच विणकराच्या दारात गिरणीचे कापड येऊन पडले. व्यापार तोच होता, त्यामागील सत्ता बदलली होती.

दक्षिण कोरियाचे उदाहरण निर्यातवादी नेहमी पुढे करतात. त्या देशाने प्रथम जमीन सुधारणा केल्या, बँका व कर्जपुरवठा सरकारच्या मुठीत ठेवला आणि १९६८ मध्ये सरकारी पोलाद कंपनी काढली, हे सांगण्यास मात्र ते विसरतात. तेथे निर्यात ही राष्ट्रीय नियोजनाची दासी होती. येथे नियोजनालाच निर्यातीची दासी करण्यात आले आहे.

काय केले पाहिजे

मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, पितळकामाच्या प्रत्येक केंद्रात सार्वजनिक धातुभांडार असावे आणि त्याने कारागिरांना वर्षभर स्थिर दराने धातू द्यावा. १९७३ मध्ये स्थापन झालेले तामिळनाडूचे हस्तकला विकास महामंडळ ही जबाबदारी घेऊ शकते. दुसरी, घडणावळ धातूच्या भावापासून वेगळी काढून तिचा किमान दर कायद्याने ठरवावा आणि तो महागाई निर्देशांकाशी जोडावा. तिसरी, मानांकनाच्या नोंदणीत व्यापाऱ्याआधी प्रत्यक्ष ओतणाऱ्याचे नाव असावे. चौथी, लहान भट्टीतील कामगारालाही आरोग्य संरक्षण व विमा मिळावा. पाचवी, बौद्धिक संपदा कराराचे तेविसावे कलम सर्व हस्तकलांना लागू करण्याची मागणी भारताने इतर विकसनशील देशांसह पुन्हा उचलावी.

यांपैकी एकही मागणी वरून दानासारखी मिळणार नाही. १९७४ नंतर तांबे उत्पादक देशांचे जे झाले, तेच एकट्यादुकट्या ओताऱ्याचे रोज होत असते. भाव पडला तरी त्याला थांबता येत नाही, कारण संध्याकाळी चूल पेटवायची असते. थांबण्याची ही शक्ती संघटनेतून आणि सार्वजनिक भांडारातून येते. नाचियारकोविल, मुरादाबाद आणि पुण्याची तांबट आळी येथील हात एकाच सौद्यात बसले, तरच घडणावळीचा आकडा खरेदीदाराच्या वहीतून निघून त्यांच्या स्वतःच्या वहीत येईल. तोपर्यंत निर्यातीचे आकडे कितीही चढोत, त्यांतून देशाचा विकास किती झाला हे त्या आकड्यांवरून सांगता येणार नाही.